मन्नूबियाचं नाक, उमैमाचा डबा

१८ मार्च

नाबलमध्ये फुलांचा हंगाम लागला, म्हणून वही काढली. दर वर्षी काढते. फुलं कुठल्या बागेतली, अर्काची भट्टी कितीदा लावली, फुलांचं सुगंधी पाणी कसं उतरलं, एवढंच लिहायचं असतं. शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे वही कोरी ठेवायची सवय नाही.

यंदा फुलांना वासच नाही. सी तय्यबच्याच बागेतली कडू नारिंगाची फुलं, नेहमीसारखी पहाटे तोडलेली, पांढरीशुभ्र. आतल्या खोलीत चादरीवर पसरली आणि त्यात तोंड घातलं. काही नाही! पाण्यात तोंड बुडवावं तसं. तय्यबला म्हटलं, "झाडांवर कसली औषधं मारतोस रे मेल्या?" तर अदबीनं म्हणतो, "लिल्ला मन्नूबिया, या घमघमाटानं गाडीत माझं डोकं धरलं." विकणाऱ्याच्या तोंडी कोण लागणार?

आणि हे घरात सांगायचं तर ऐकायला कोण रिकामं आहे? सगळे स्वयंपाकघरात, सूनबाईंच्या कचऱ्याच्या डब्याभोवती उभे.

२० मार्च

डब्याचं लिहूनच टाकते, म्हणजे पोटातली मळमळ निघेल.

हिवाळ्यात नगरपालिकेची गाडी दोन आठवडे आली नाही. कोपऱ्यावर कचऱ्याचा डोंगर झाला, घराघरांत बादल्या तुंबल्या. मी तेव्हा त्या मेल्या सर्दीनं अंथरुणात होते. उठले तेव्हा उमैमानं जाहीर केलं होतं, की आपण असा डबा करायचा जो स्वतःच स्वतःला धुईल आणि ज्याला वास म्हणून येणार नाही. उमैमा माझी सून, माझ्या वजदीची बायको. तंत्रशाळेत यंत्रांची चित्रं काढायला शिकवते. स्फाक्सची आहे. स्फाक्सची माणसं बसल्या जागी दोन पैसे उभे करतात म्हणतात, ही कचऱ्यातून उभे करणार.

बरं, करेना का. पण आतलं भांडं कोण करतंय? आमचे हे! सी सादोकनी कुंभाराचं चाक सोडून सहा वर्षं झाली. माझ्या बहिणीच्या लेकीला लग्नात एक रांजण करून द्या म्हणून मी किती मागे लागले, तर "हात थरथरतात गं" म्हणाले. सुनेनं म्हटलं, "बाबा, आतून चकाकी दिलेलं मातीचं भांडं हवं, प्लास्टिक वास धरून ठेवतं." लागले लगेच चाकाला! हात थरथरायचे कुठे गेले? ज्या हातांनी माझ्या रुखवतातला रांजण घडवला, ते हात आता कचऱ्याचं मडकं घडवतायत, आणि वर शीळ घालतायत.

२१ मार्च

कॉफी मचूळ. उमैमाला म्हटलं, "फुलांचं पाणी घालताना हात आखडता का घेतलास?" ती म्हणाली, "उम्मी, दोन चमचे घातलंय." वजदी म्हणाला, "आई, अत्तर प्यायल्यासारखं वाटतंय." बायकोची बाजू घ्यायला दोन चमचेसुद्धा लागत नाहीत त्याला.

२५ मार्च

डबा बघायला बायका येऊ लागल्या. आजवर या दिवसांत माझ्या दारात बायका यायच्या त्या फुलं बघायला. "लिल्ला मन्नूबिया, जरा वास घेऊन सांगा, लावू का भट्टी? की अजून एक दिवस पसरू?" आज शेजारची शेरीफा आली ती फुलांवरून तशीच पुढे गेली. पायानं खटका दाबला, झाकण उघडलं, टाळ्या वाजवल्या तिनं! मग उमैमानं बटण दाबलं. आत व्हिनेगर घातलेलं कढत पाणी गरगर फिरलं, घाण पाणी नळीतून मोरीत गेलं. शेरीफा म्हणाली, "मन्नूबिया, नशीब काढलंस बाई. माझ्या सुनेला बादली उचल म्हटलं तर नखं मोडतात."

मी म्हटलं, "हो ना. आमच्यात बादलीची लग्नासारखी वरात निघते."

हसली सगळी. उमैमाही हसली. तिला टोमणा कळत नाही की कळून ती हसते, याचा अजून पत्ता लागलेला नाही.

एक कबूल करते. डब्याच्या कडेला तिनं आकडा ठेवलाय, शिळ्या पावाची पिशवी अडकवायला. पाव कचऱ्यात टाकणारी बाई मी घरात उभी केली नसती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच.

शेरीफाला रव्याच्या वड्या दिल्या, ताज्या लोण्यात परतलेल्या. एकच तुकडा घेतला आणि म्हणाली, "पोट भरलंय." मग उठून खिडकी उघडली. मार्चमध्ये कसलं उकडतं हिला?

२८ मार्च

आज मात्र कहर झाला. डब्याचं झाकण आणि भांडं यांच्या सांध्यातून गरम वाफ निसटते आणि तिच्याबरोबर वास. रबर उष्णतेनं सैल पडतं म्हणे. तर ही बया माझ्या तांब्याच्या कत्तारपाशी येऊन उभी. कत्तार म्हणजे माझी भट्टी, सासूबाईंची, त्यांच्या सासूची. खाली फुलं शिजतात, वरच्या टोपात गार पाणी, वाफ थंड होऊन थेंब थेंब बाटलीत.

"उम्मी, तुमच्या कत्तारमधून वास कधी निसटत नाही. तुम्ही सांध्याला काय लावता?"

"पिठाची खळ लावलेली कापडाची पट्टी. तुझ्या डोळ्यांसमोर तर लावते दर वर्षी."

"आणि वरचं गार पाणी वाफेला बाहेर पडूच देत नाही. उम्मी, माझ्या झाकणात मी हेच करू शकते! आहे काय त्यात? तुमची कत्तार वास जपते, माझा डबा वास कोंडतो. काम एकच."

काम एकच! माझ्या नारिंगाच्या फुलांचं आणि तिच्या माशांच्या आतड्यांचं! अंगाची लाही लाही झाली. आणि वर हे म्हणाले, "बरोबर बोलतेय पोरगी."

मग तिनं हळूच विचारलं, "आणि पहिली बाटली कधी बदलायची, ते तुम्ही वासावरून कसं ओळखता? नेमका काय वास घेता?"

म्हटलं, "ते सांगून येत नाही. नाकातच असावं लागतं."

तोंड एवढंसं झालं तिचं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. सासूबाईंनी मला सगळं बोटाबोटानं शिकवलं होतं आणि ज्या दिवशी त्यांनी हंगामाची पहिली बाटली माझ्या उशाशी आणून ठेवली, त्या दिवशी मी या घराची झाले. जिचं नाक, तिची पहिली बाटली, अशी आमच्याकडे रीत आहे. ज्या दिवशी माझ्या नाकाला कुणी विचारणार नाही, त्या दिवशी मी इथे कोण? कोपऱ्यात लसूण सोलणारी म्हातारी. सगळं घर तिला दिलं, नवरा दिला, पोरगा तर दिलाच. नाक नाही देणार.

१ एप्रिल

मी चुलीशी गेले की उमैमा मागे हजर. गॅसची नळी नवी आणली. माझ्याआधी उठून शेगडीचे खटके तपासते. मी काय चोर आहे का? आज सकाळी तर मला हाताला धरून अंगणात नेऊन बसवलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, आणि म्हणाली, "उम्मी, जरा ऊन खा." तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, "ऊन खाऊन पोट भरतं का? मला दूध तापवायचंय." तर काड्यापेटी खिशात घालून बसली! चाळीस वर्षं ज्या चुलीवर मी रांधलं, तिची काड्यापेटी सुनेच्या खिशात.

२ एप्रिल

कालवण करपलं. कुणी सांगेल तर शपथ. मी समोरच बसून भाजी निवडत होते. भांडं काळंठिक्कर झाल्यावर वजदी बाहेरून धावत आला. "आई, आख्खी गल्ली धुरानं भरली!" मी म्हटलं, "तुमच्या डब्यानं माझं डोकं जाग्यावर ठेवलंय कुठे?"

उमैमा नुसती बघत राहिली माझ्याकडे. ते बघणं मला आवडलं नाही.

५ एप्रिल

सूस गावाहून कुणी सी नूफल येणार आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा मोठा कारखानदार. डबा पसंत पडला तर पहिल्याच खेपेला पाचशे करणार. कागदावर नाव उमैमाचं, आतलं भांडं नाबलच्या कुंभारांकडून. म्हणजे आमचे हे पुन्हा दहा कुंभारांचे मुकादम. घरात ईद असल्यासारखं चाललंय.

आणि ऐका गंमत. सी नूफलनं फोनवर विचारलं, "वास येत नाही कशावरून? तुमच्या शब्दावर?" वजदी म्हणाला, "माझ्या आईच्या शब्दावर. नाबलमध्ये कुणालाही विचारा हाजा मन्नूबियाचं नाक." तो म्हणाला, "त्यांचं नाव माझ्या आईकडून ऐकलंय. त्या म्हणतील ते मला मान्य."

बघा! शेवटी गाडी माझ्याच, हज करून आलेल्या हाजाच्याच दारात आली. उमैमाचं मात्र तोंड उतरलं. म्हणाली, "कशाला उम्मींना त्रास? त्यांना बाजूला राहू दे." मला बाजूला! झाडली मी तिला तिथल्या तिथे. "का गं? माझ्या नाकाची भीती वाटते? डबा खरा असेल तर माझ्या नाकाला घाबरायचं कारण काय?" तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी खोटं सांगणार नाही. नाकाच्या बाबतीत मी आयुष्यात खोटं बोललेले नाही. शेरीफाच्या बहिणीच्या लग्नाचं पाणी करपलंय हे भर मांडवात सांगितलं होतं मी, तेव्हापासून ती बहीण माझ्याशी बोलत नाही. वास आला तर आला म्हणेन, नाही तर नाही.

पण डबा खरोखरच वास सोडील, याची तजवीज केली तर ते खोटं कसं होईल?

८ एप्रिल

केलं.

उमैमा आणि वजदी सकाळीच सूसला गेले, कागद घेऊन. उद्या दुपारी सी नूफलला घेऊनच येतील. बाजारातून बांगडे आणले, साफ केले. झाकणाच्या पोकळीत वास शोषायला कोळशाची पुरचुंडी असते. ती काढली, माशांची आतडी आणि कल्ले तिथे भरले, पुरचुंडी परत वर बसवली. धुवायचं पाणी तिथवर पोचत नाही. बिस्मिल्ला म्हणायला जीभ उचलली आणि गप्प बसले, असल्या कामाला कसलं बिस्मिल्ला.

दुपारी उन्हं स्वयंपाकघरात आली. गेले, दीर्घ श्वास घेतला. काही नाही. तासाभरानं पुन्हा गेले. काही नाही! उन्हात ठेवलेली माशांची आतडी, आणि डबा ढिम्म!

संध्याकाळी हे बाहेरून आले आणि दारातच थबकले. "मन्नूबिया, इथे काही मेलंय का गं?"

"माझी हौस मेलीय," म्हटलं.

ते गादी उचलून गच्चीवर झोपायला गेले. एप्रिलच्या गारठ्यात! म्हातारपणी माणसं विक्षिप्त होतात.

९ एप्रिल, सकाळ

पुन्हा बघितलं. नाक झाकणाला टेकवून बघितलं. वास नाही. या रब्बी, पोरीनं खरोखरच डबा केलाय. मी जे काही जाणते ते सगळं माझ्या नाकात आहे, आणि तिच्या मडक्यानं त्याला हरवलं. इतका मत्सर मला माझ्या सवतीचा वाटला नसता, सवत असती तर. बसून रडले थोडी. मग उठून चांगला पांढरा सफसारी डोक्यावरून अंगभर पांघरला. पाहुणा येतोय.

९ एप्रिल, संध्याकाळ

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते कळत नाहीये.

सी नूफल आला. जाडजूड, सभ्य माणूस. माझ्या हाताला हात लावून कपाळाशी नेला. शेरीफाही आली होती, ती कशाला चुकवतेय. स्वयंपाकघराच्या दारात सगळे एकदम थांबले. सी नूफलनं खिशातून रुमाल काढला. शेरीफानं ओढणी तोंडावर घेतली. वजदी म्हणाला, "हे काय..." आणि उमैमाला आधार दिला, कारण ती भिंतीला टेकली होती. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

मी पुढे झाले. खटका दाबला, वाकले, सावकाश श्वास घेतला, सासूबाईंनी शिकवल्यासारखा, आधी उथळ मग खोल. सगळे माझ्याकडे बघत होते. किती दिवसांनी सगळे माझ्याकडे बघत होते! आणि मी म्हटलं, जड मनानं पण स्पष्ट म्हटलं, "वास नाही. अजिबात नाही. डबा खरा आहे."

मग सी नूफल रुमालाआडून म्हणाला, "हाजा थट्टा करतायत वाटतं."

"थट्टा? नाकाची थट्टा मी करत नाही."

शेरीफा म्हणाली, "अगं मन्नूबिया, इथे उभं राहवत नाही..."

तेवढ्यात उमैमा पुढे आली. माझ्याकडे बघितलं. मग झाकणाची पुरचुंडी उचलली, आत बघितलं. तिला दिसलं. दिसलंच. पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बोट दाखवणार, आता माझी लाज निघणार. आणि ती म्हणाली, "माफ करा सी नूफल. चूक माझी. सूसला निघायच्या घाईत मासे साफ केले आणि झाकणात राहून गेले. आणि उम्मींना दोन दिवस सर्दी आहे, नाक बंद आहे त्यांचं. त्या नको म्हणत होत्या, मीच बळेच उभं केलं."

सी नूफल म्हणाला, "बाई, जी स्वतःचा डबा साफ ठेवू शकत नाही तिचा डबा मी विकू कसा?" चहाला थांबला नाही. शेरीफा जाताना मला म्हणाली, "सर्दीला निलगिरी घे गं." हे अंगणात जाऊन चाकापाशी बसले, चाक न फिरवता.

मला कुठे सर्दी आहे? का म्हणाली ती असं? आणि माझं नाव का नाही घेतलं? काय डाव आहे हिचा?

१० एप्रिल

उशाशी गेल्या वर्षीची पहिली बाटली असते. बूच काढलं. काही नाही. अर्धी बाटली ओढणीवर ओतली. काही नाही. मिऱ्या कुटल्या, शिंका आल्या, वास नाही. ब्लीचची बाटली उघडली, डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. लसूण. जिरं. नातवंडं असती तर त्यांचं डोकं हुंगलं असतं. ह्यांचा सदरा, चाळीस वर्षांच्या मातीचा. तोही नाही.

मला वास येत नाही. कशाचाच.

११ एप्रिल

सगळं पुन्हा वाचलं. वड्यांचं लोणी, खवट झालेलं असणार. कॉफी. कालवण. मास्तरणीनं स्वतःची वही तपासावी आणि पानापानावर लाल रेघा माराव्यात तसं झालं.

काड्यापेटीवर येऊन थांबले. त्या दिवशी शेगडी चालू राहिली होती. पेटवलेली नव्हती, नुसती चालू. तिला तेव्हापासून माहीत होतं. आणि मी विचारत होते, मी काय चोर आहे का?

१३ एप्रिल

शेवटची फुलं आली. आधीची वास नाही म्हणून मी भट्टीला लावलीच नव्हती. मी म्हटलं, यंदा भट्टी नको, मला बरं नाही. उमैमा म्हणाली, "नाही उम्मी. भट्टी लावायची." तिनं पहिल्यांदाच मला 'नाही' म्हटलं.

"कुणाच्या नाकानं लावू?" मी विचारलं. एवढंच. इतक्यातच सगळं आलं.

ती माझ्याशेजारी बसली. "वास मला येतो. त्याचा अर्थ तुम्हाला कळतो. सर्दीनंतर कुणाकुणाचा वास परत येतो म्हणे, आपण ट्यूनिसच्या डॉक्टरकडे जाऊ. तोवर कुणाला कशाला सांगायचं?"

"मासे मी घातले होते."

"माहीत आहे."

"मग शेरीफासमोर सांगितलं का नाहीस? तुझा कारखानदार गेला."

ती बोटानं फुलं चाळवत राहिली. म्हणाली, "राग आला होता, उम्मी. अजून आहे. रात्रभर रडले. पण डबा मी पुन्हा करू शकते. तुमचं नाव एकदा गेलं की कुणाला पुन्हा करता येणार?"

मी फुलांची चादर तिच्यापुढे ओढली आणि तिला शिकवलं. जे सांगून येत नाही म्हटलं होतं ते सगळं सांगितलं. आधी हिरवट वास, कोवळा देठ मोडल्यासारखा. मग फूल. मग मध. मधाचा जोर ओसरून ओल्या गवताचा वास लागला रे लागला की बाटली बदलायची, एक थेंबसुद्धा उशीर नाही.

१४ एप्रिल

बायका जमल्या. शेरीफा अगदी पुढे. बातमीच्या वासानं आली होती, मला दिसत नव्हतं थोडंच. "सर्दी गेली का गं?"

"तू आलीस, तिनं पळ काढला," म्हटलं.

पट्टीला खळ लावली, सांधा बांधला, मंद आच. मी माझ्या जागेवर, बाटलीच्या तोंडाशी. उमैमा शेजारी, दुसरी बाटली मांडीवर घेऊन. थेंब पडायला लागले. मी श्वास घेत होते, नेहमीसारखी मान कलती करून, आणि आत नुसती हवा जात होती. ती खाली मान घालून, ओठ न हलवता बोलत होती. "देठ." मी मान डोलवली. बऱ्याच वेळानं, "फूल." बायका गप्पा मारत होत्या. "मध." मग, "मध, पण पातळ. बदलू?" मी कुजबुजले, "थांब, तो फसवतो एकदा. पुन्हा घट्ट होईल." आणि ती चमकून म्हणाली, "झाला."

हे मला माहीत होतं! नाक नसतानाही मला ते माहीत होतं!

"गवत," ती म्हणाली.

"बदल बाटली!" मी अशी ओरडले की शेरीफाच्या हातातला पेला सांडला. बायकांनी जिभा फिरवून आनंदाची लकेर काढली. बाटली हातोहात फिरली, वास घेऊन एकेकीनं डोळे मिटले. शेरीफाही म्हणाली, "असं पाणी दहा वर्षांत उतरलं नव्हतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली. रात्रीचं जेवण गोड लागायला हवं होतं. गोड कळतं मला, तेवढं राहिलंय. पण उमैमानं फ्रिजवर चिकटवलेलं सी नूफलचं कार्ड समोर होतं, आणि घास उतरेना.

१५ एप्रिल

ती शाळेत गेल्यावर फोन केला.

"सी नूफल, मी मन्नूबिया. झाकणात मासे मी घातले होते. सुनेचा हेवा वाटला म्हणून. आणि मला सर्दी नव्हती. मला वास येत नाही, हिवाळ्यापासून. पुन्हा या, आणि येताना तुमचं स्वतःचं नाक आणा. माझ्यावर विसंबू नका."

तो म्हणाला, "हाजा, हे मी माझ्या आईला सांगू का? ती तुमच्या हातच्या पाण्याशिवाय कॉफी पीत नाही."

मला माहीत होतं, त्याच्या आईला कळलं की चार दिवसांत नाबलला कळणार. शेरीफाला त्याच्याआधी.

"सांगा," म्हटलं. "आणि कालचं पाणी सुनेच्या नाकाचं आहे, तेही सांगा."

सोमवारी येतो म्हणाला.

उमैमा घरी आली तर मी तिच्या खोलीत, तिच्या उशाशी यंदाची पहिली बाटली ठेवत होते. रीत तिला ठाऊक आहे. दारातच उभी राहिली. "उम्मी, काय केलंत?"

"सांगून टाकलं. सगळं. आता नाबलला तुझंच नाक विचारतील, तयारी ठेव. आणि सोमवारपर्यंत त्या झाकणाला खळीची पट्टी लाव, रबराचे नखरे पुरे झाले. हे खळ करून ठेवतायत."

तिला रडू आलं. मग बाटलीचं बूच काढून तिनं वास घेतला आणि डोळे मिटले, आणि चेहरा असा झाला तिचा! मला इतका हेवा वाटला, डब्याचा वाटला होता त्याच्या दसपट. गेलेला नाही तो, आणि जाणारही नाही.

"बसतेस का इथे," मी म्हटलं, "काय काय येतंय ते सांग मला. सावकाश. काही वगळू नकोस."

ती बसली आणि सांगायला लागली. चहा गार झाला.